भाडेकरूंना मालकी देणारे तालमकी

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील पांढरपेशा नोकरदार बहुधा भाड्याच्या खोलीतच आयुष्य काढीत असे. १८९६च्या प्लेगने दाट वस्तीतील धोका दाखवून दिला होता. पण स्वतःचे घर बांधणे एकट्याच्या पगाराला परवडणारे नव्हते. उत्तर कानडा जिल्ह्यातून आलेल्या सारस्वत कुटुंबांची ही अडचण रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी जाणली.

त्यांनी आधी पैशाची सोय पाहिली. १९०४च्या कायद्यात केवळ पतसंस्थांना स्थान होते. त्यानुसार १९०६मध्ये गुरू शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावाने त्यांनी पतसंस्था काढली; तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. १९१२च्या कायद्याने अन्य सहकारी संस्थांनाही वाट मिळाली आणि १९१५मध्ये गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेची नोंदणी झाली.

एकत्र घर बांधताना मालकी कोणाची, हा प्रश्न कळीचा असतो. भागीदारी एकाच्या मृत्यूनेही मोडू शकते. न्यासात कारभार विश्वस्तांच्या हाती जातो, तर कंपनीत मताचे वजन भांडवलावर ठरते. तालमकींच्या संस्थेने भाडेकरू सहभागीदारीचा मार्ग पत्करला. जमीन व इमारती संस्थेच्या; सभासद भाग घेऊन राहणार आणि भाडे आपल्याच संस्थेला देणार. त्यामुळे घरमालकाचा नफा आणि घरांचा सट्टा, दोहोंना आळा बसला.

सभासदत्व मात्र ज्ञातीपुरते राहिले. त्यामुळे दार इतरांना बंद झाले. अशा निर्बंधाचा वाद पुढे अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००५मध्ये न्यायालयाने तो निर्बंध वैध ठरविला.

ताडदेवची तालमकीवाडी त्यांचे नाव आजही सांगते. त्यांच्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकार कायद्याने मुंबई आणि लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ एकाच नियमाखाली आले. तेथे दहा कुटुंबांनी मिळून घरे बांधायचे ठरविले, तरी पाया खणण्यापूर्वी त्यांना तालमकींचेच दोन प्रश्न सोडवावे लागतील : जमीन कोणाच्या नावे राहणार आणि सभासद कोणाला करून घेणार?