गणितानंद कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं आपल्याच कोंकणकिनाऱ्यावर, डहाणू येथें झाला. देवळालीस शाळामास्तरकी करीत ते आयुष्यभर अंकांशीं खेळले. कित्येक पंडितांस हा छंद क्षुल्लक वाटे. १९४९ सालीं त्यांनीं ६१७४ चें नवल मांडलें. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी. त्याच अंकांच्या मोठ्यांत मोठ्या संख्येंतून लहानांत लहान वजा करीत जावें. सात पायऱ्यांच्या आंत ६१७४ येतेच. १९८६ सालीं ते निवर्तले.

आज संगणकाची आज्ञावली शिकणारे विद्यार्थी हाच हिशेब यंत्राकडून करवितात व पुष्कळदां फसतात. १००० मधून १ जातां ०९९९ उरतात; यंत्र आरंभींचें शून्य गाळतें, मग ९९९ मधून ९९९ जाऊन हातीं कांहींच राहत नाहीं! सोबती हंसतात. बालमित्रहो, क्षुल्लक म्हणून कांहीं टाकण्यापूर्वीं हें शून्य आठवावें.