काहीही न दाखवणारा चित्रकार

वासुदेव संतू गायतोंडे हे नाव बऱ्याच मराठी घरांत फार उशिरा पोचले, आणि तेही पैशांमुळे. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. चित्रकाराला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.

घराणे मूळचे गोव्याचे. जन्म १९२४ साली नागपुरात, वाढले गिरगावच्या चाळीत. मुलाने चित्रकार व्हावे हे वडिलांना पसंत नव्हते. तरी १९४८ साली त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळवलीच. सुरुवातीच्या चित्रांत माणसे होती, आपल्या लघुचित्रांची धाटणी होती. पुढे पॉल क्लीचा प्रभाव आला. पन्नासच्या दशकाअखेरीस मात्र आकृती एकेक करून निघून गेल्या. तेव्हा ते वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत. समोर समुद्र.

अमूर्त हा शब्द त्यांना मान्य नव्हता. झाडावरून किंवा डोंगरावरून काही गाळून काढले तर त्याला अमूर्त म्हणावे. आपले चित्र कशावरूनच काढलेले नाही, ते वस्तुनिरपेक्ष आहे, अशी त्यांची भूमिका होती. मला ती पूर्णपणे पटत नाही. आमच्या वडगाव मावळात आषाढ लागला की लोहगड-विसापूर ढगांत बुडतात. भातखाचरांच्या पलीकडे नुसता करडा-हिरवा ओला उजेड उरतो. डोंगर दिसत नाही, पण तो तिथे आहे हे डोळ्यांना ठाऊक असते. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात त्यांच्या चित्रासमोर उभा राहिलो तेव्हा मला नेमके हेच जाणवले. इतकी वर्षे पाहिलेला समुद्र माणसाच्या हातात उतरणारच, मग त्याने तो काढायचा ठरवो वा न ठरवो.

त्यांची रीत वेळखाऊ होती. रोलरने रंगाचा पातळ थर द्यायचा, सुरीने खरवडायचा, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलून घ्यायचा, थांबायचे, मग पुढचा थर. वर्षाकाठी पाच-सहा चित्रे, बस्स. उरलेला वेळ नुसते बसून राहण्यात जाई. झेन विचार आणि निसर्गदत्त महाराजांची शिकवण यांची त्यांना ओढ होती. घरातल्या कर्त्या माणसाला हे आळशीपणाचे वाटेल. पण त्या बसण्याची किंमत त्यांनी स्वतःच मोजली. लग्न केले नाही, मित्र मोजकेच ठेवले.

मानसन्मान आले: १९५७ साली टोकियोचे पारितोषिक, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ साली पद्मश्री. १९७२ पासून मुक्काम दिल्लीत, निजामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत. १९८४ साली अपघातात गंभीर दुखापत झाली आणि मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहणे काही वर्षे बंद पडले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने छोटी रेखाटने केली. कुठल्यातरी अनोळखी लिपीतली अक्षरे वाटावीत अशी ती आहेत. मला ती कोट्यवधींच्या कॅनव्हासपेक्षा जवळची वाटतात. पुढे ते पुन्हा रंगांकडे वळले. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले.

२०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. बहुतेक चित्रांना नावच नाही. सही पुष्कळ चित्रांवर देवनागरीत आहे. पण ती कॅनव्हासच्या पाठीमागे, पाहणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी.