हॅरिएट चिक

डेम हॅरिएट चिक (६ जानेवारी, १८७५ – ९ जुलै, १९७७) या ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व पोषणशास्त्रज्ञ होत्या. लहान मुलांची हाडे मऊ पडून वाकणारा मुडदूस हा विकार सूर्यप्रकाशाने किंवा कॉड माशाच्या यकृततेलाने टाळता व बरा करता येतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह व्हिएन्ना येथे दाखवून दिले.

शिक्षण व प्रारंभीचे कार्य

चिक यांचा जन्म लंडन येथे झाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील शिक्षणानंतर त्यांनी व्हिएन्ना व म्युनिक येथे सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यास केला. १९०५ मध्ये त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनवृत्तीसाठी अर्ज केला. स्त्रीची नेमणूक करू नये, अशी विनंती तेथील दोघांनी संचालक चार्ल्स मार्टिन यांना केली. तथापि मार्टिन यांनी ती मानली नाही. जंतुनाशकांची परिणामकारकता तपासणारी चिक-मार्टिन चाचणी पुढे या दोघांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

मुडदुसावरील संशोधन

मुडदुसाच्या कारणांविषयी त्या काळी तीव्र मतभेद होते. ग्लासगोचे लिओनार्ड फिंडले मुलांचे घरात कोंडले जाणे व व्यायामाचा अभाव यांना कारण मानत, तर एडवर्ड मेलनबी आहारातील उणिवेला. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात अन्नटंचाई होती व मुडदूस बळावला होता. १९१९ मध्ये चिक तेथे गेल्या. बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के मुडदूस संसर्गजन्य मानत असले, तरी त्यांनी आपले रुग्णालय संशोधनासाठी खुले केले.

हिवाळ्यात नेहमीच्या आहारावरील अर्भकांमध्ये मुडदूस आढळला. यकृततेल मिळालेली अर्भके मात्र त्यापासून बचावली. उन्हाळ्यात दोन्ही गट निरोगी राहिले. मोकळ्या हवेत ऊन मिळाल्याने किंवा दिव्याच्या अतिनील किरणांनीही आजारी मुले बरी झाली. हा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

महत्त्व

या निष्कर्षांमुळे दोन्ही मतांतील तथ्यांश स्पष्ट झाला. घराबाहेर खेळणाऱ्या मुलास व्यायामाबरोबर ऊनही मिळते. उन्हामुळे त्वचेत तयार होणारे ‘ड’ जीवनसत्त्व यकृत व मूत्रपिंडात रूपांतरित होऊन संप्रेरकाप्रमाणे कार्य करते आणि आतड्यातील कॅल्शियमचे शोषण वाढवते. शारीरिक हालचालींच्या भाराने हाडे बळकट होतात. परंतु खनिजांअभावी मऊ राहिलेली हाडे मूल उभे राहू लागताच त्याच्याच वजनाने वाकतात.

सन्मान

१९४१ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनमधील न्यूट्रिशन सोसायटीच्या त्या संस्थापक सदस्य व पुढे अध्यक्ष होत्या. १९४९ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.