रेने श्नायडर

रेने श्नायडर (जन्म : ३१ डिसेंबर, १९१३, कोन्सेप्सियोन, मृत्यू : २५ ऑक्टोबर, १९७०, सांतियागो) हे दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाचे सेनानी व तेथील भूदलाचे सरसेनापती होते. लष्कराने राजकारणापासून अलिप्त राहून राज्यघटनेचे पालन करावे, ही त्यांची भूमिका ‘श्नायडर सिद्धान्त’ या नावाने ओळखली जाते.

सरसेनापतिपद

ऑक्टोबर १९६९ मध्ये जनरल रोबेर्तो व्हिओ यांच्या नेतृत्वाखाली सांतियागो येथील ताक्ना पलटणीत उठाव झाला. अपुरे वेतन आणि जुनी साधनसामग्री ही त्यामागची जाहीर कारणे होती. उठाव शमल्यावर राष्ट्राध्यक्ष एदुआर्दो फ्रेई यांनी श्नायडर यांची सरसेनापतिपदी नियुक्ती केली. बिघडलेली शिस्त पुन्हा प्रस्थापित करणे हे त्यांच्यापुढील पहिले काम होते.

१९७० ची निवडणूक

१९२५ च्या राज्यघटनेनुसार कोणत्याही उमेदवाराला स्पष्ट बहुमत न मिळाल्यास पहिल्या दोघांपैकी एकाची निवड संसद करीत असे. मे १९७० मध्येच श्नायडर यांनी संसदेचा कौल लष्कराला बंधनकारक राहील, असे जाहीर केले. ४ सप्टेंबरच्या मतदानात समाजवादी नेते साल्व्हादोर आयेंदे यांना सुमारे ३६.६ टक्के, तर होर्हे आलेस्सांद्री यांना सुमारे ३५ टक्के मते मिळाली. आयेंदे यांना रोखण्यासाठी लष्करी हस्तक्षेप व्हावा असे प्रयत्न सुरू झाले. मात्र श्नायडर आपल्या भूमिकेवर ठाम राहिले.

हत्या

श्नायडर यांचे अपहरण करून देशात अस्थिरता निर्माण करावी, असा कट व्हिओ आणि काही सेवारत अधिकाऱ्यांनी रचला. दोन प्रयत्न फसल्यानंतर २२ ऑक्टोबर रोजी सकाळी त्यांची मोटार अडवण्यात आली. प्रतिकारासाठी त्यांनी पिस्तूल काढले असता हल्लेखोरांनी गोळ्या झाडल्या. २४ ऑक्टोबरला संसदेने १५३ विरुद्ध ३५ मतांनी आयेंदे यांची निवड केली. दुसऱ्या दिवशी लष्करी रुग्णालयात श्नायडर यांचे निधन झाले. पुढे व्हिओ यांना शिक्षा झाली.

अमेरिकेच्या सिनेटच्या चौकशी समितीने १९७५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, सी.आय.ए. कटवाल्यांच्या संपर्कात होती व त्यांच्यातील एका गटाला तिने बंदुका पुरविल्या होत्या. मात्र त्या बंदुका या हल्ल्यात वापरल्या गेल्या नसाव्यात, असे समितीचे मत होते.

परिणाम

ज्या सत्तांतरास अडथळा आणण्यासाठी हा कट रचला गेला, ते ३ नोव्हेंबर १९७० रोजी घटनेनुसार पार पडले. श्नायडर यांचे उत्तराधिकारी कार्लोस प्रात्स यांनी हीच भूमिका पुढे चालवली. परंतु सहकारी सेनाधिकाऱ्यांचा पाठिंबा गमावल्याने ऑगस्ट १९७३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले आउगुस्तो पिनोशे ११ सप्टेंबर १९७३ रोजी आयेंदे सरकार उलथवणाऱ्या लष्करी उठावात सामील झाले. ३० सप्टेंबर १९७४ रोजी ब्युनॉस आयर्स येथे बॉम्बस्फोटात प्रात्स व त्यांच्या पत्नी यांची हत्या झाली. श्नायडर यांचा सिद्धान्त चिलीच्या लष्करात त्यांच्यानंतर तीन वर्षेही टिकला नाही. सतरा वर्षांच्या लष्करी राजवटीनंतर १९९० मध्ये तेथे लोकनियुक्त सरकार पुन्हा सत्तेवर आले.