हम्फ्री डेव्ही: ट्रकच्या गंजलेल्या फ्रेमचं कोडं २०० वर्षांपूर्वी सोडवणारा शास्त्रज्ञ

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत जुना पिकअप ट्रक घ्यायला गेलेला जाणकार माणूस आधी खाली वाकून फ्रेम बघतो. इंजिन, मायलेज वगैरे नंतर. कारण हिवाळ्यात तिथे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते खारं पाणी चाकांबरोबर उडतं, फ्रेमच्या पोकळ भागांत शिरतं आणि वरून चकचकीत दिसणारा ट्रक खालून पोखरला जातो. इंजिन बदलता येतं, दार बदलता येतं. पण सगळं जिच्यावर उभं असतं ती फ्रेमच गेली, तर बहुतेक वेळा ट्रकच गेला म्हणायचा.

यावरचा एक भक्कम उपाय म्हणजे पोलादावर जस्ताचा थर. हा थर नेमकं काय करतो, यामागचं तत्त्व १८२४ मध्ये प्रयोगाने पक्कं केलं हम्फ्री डेव्ही यांनी. पण त्याच प्रयोगाने त्यांची भरपूर नाचक्कीही झाली. ती का झाली हे कळलं, तर गंजरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी कोणती कामाची आणि कोणती नाही, हे तुम्हाला स्वतःलाच ठरवता येईल.

पेन्झान्स ते लंडन

डेव्हींचा जन्म १७ डिसेंबर १७७८ चा, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स या गावचा. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. १७९४ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी डेव्ही गावातल्याच एका डॉक्टरांकडे उमेदवारी करू लागले. रसायनशास्त्र ते बरंचसं स्वतःच शिकले. विसाव्या वर्षाच्या आत ब्रिस्टलच्या एका संस्थेत त्यांना काम मिळालं. तिथे त्यांनी लाफिंग गॅस स्वतःवरच वापरून पाहिला.

१८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले. त्यांची व्याख्यानं ऐकायला तोबा गर्दी व्हायची. व्होल्टा यांची विजेची बॅटरी तेव्हा अगदी नवीन होती. तिच्या मदतीने डेव्हींनी १८०७ मध्ये पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. १८१३ मध्ये त्यांनी मायकेल फॅरेडे या तरुणाला मदतनीस म्हणून घेतलं. १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी जाळीचा सुरक्षित दिवा केला, आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. १८२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. पेन्झान्सचा तो मुलगा आता ब्रिटिश विज्ञानाच्या सर्वांत मोठ्या खुर्चीवर होता.

नौदलाची अडचण

लाकडी जहाजांच्या तळाला तेव्हा तांब्याचे पत्रे ठोकायचे. लाकूड पोखरणारे जीव त्यामुळे दूर राहायचे. पण समुद्राचं पाणी तांबंच खाऊन टाकायचं आणि पत्रे बदलण्यावर भरमसाट खर्च व्हायचा. १८२३ मध्ये नौदलाने रॉयल सोसायटीला उपाय विचारला. डेव्हींनी काम स्वतःकडे घेतलं.

त्यांचा विचार असा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असतील आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात असतील, तर एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. मग तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर? पाणी आधी त्या तुकड्याला खाईल आणि तांबं शाबूत राहील.

पोर्ट्‌समथ बंदरात पत्रे बुडवून चाचण्या झाल्या. पत्र्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण १/४० ते १/११० इतका जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर तांबं अजिबात झिजत नव्हतं. तुकडा १/२०० च्या खाली गेला की झीज सुरू व्हायची. एक धातू स्वतः झिजून दुसऱ्याला वाचवतो, हे आकड्यांनिशी सिद्ध झालं होतं.

प्रयोग पास, जहाज नापास

मग खऱ्या जहाजांवर असे तुकडे बसवले. त्यातलं एक ‘समरंग’, आपल्याकडे कोचीनला बांधलेलं. ते नोव्हा स्कोशियाला जाऊन १८२५ च्या सुरुवातीला परतलं. त्याच्या तळावर शेवाळ आणि शिंपले माजलेत, अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. डेव्ही स्वतः पोर्ट्‌समथला जाऊन बघून आले. संरक्षक तुकड्यांजवळचा थोडा भाग सोडला, तर तळ स्वच्छ होता.

म्हणजे ती बातमी खोटी होती, पण अडचण खरी होती. बंदरात उभ्या असलेल्या इतर जहाजांच्या तळांना खरोखरच शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटू लागले. कारण साधं आहे. तांबं पाण्यात हळूहळू विरघळतं, तेच या जीवांना विषासारखं लागतं. डेव्हींनी तांब्याची झीज थांबवली आणि नकळत ते विषही बंद केलं. तळ खडबडीत झाला की जहाज मंदावतं, आणि नौदलाला ते परवडणारं नव्हतं. १८२५ मध्येच बंदरातल्या जहाजांवरून तुकडे काढायचा हुकूम निघाला. पुढच्या काही वर्षांत नौदलाने ही पद्धतच सोडून दिली.

डेव्हींची चेष्टा झाली, आणि मानी माणसाला ती फार लागली. १८२६ च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १८२७ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं. २९ मे १८२९ ला जिनिव्हात ते गेले, तेव्हा वय होतं अवघं पन्नास.

आठच वर्षांनी, १८३७ मध्ये, फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं. आपण ज्याला गॅल्वनाइज्ड पत्रा म्हणतो, तो हाच. पोलादी जहाजांच्या तळाला आज सर्रास जस्ताचे ठोकळे बसवतात. शेवाळासाठी वेगळा रंग असतो. डेव्हींचा उपाय बरोबरच होता, फक्त एकाच पत्र्याकडे दोन कामं होती.

मग ट्रकचं काय?

* जस्ताचा थर: साध्या रंगाला ओरखडा पडला की गंज रंगाखाली पसरत जातो. गॅल्वनाइज्ड फ्रेमवर ओरखडा पडला, तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि उघडं पडलेलं पोलाद वाचवतं.
* विजेवर चालणारी गंजरोधक उपकरणं: जहाजाचा तळ सतत पाण्यात असतो, म्हणून संरक्षण सगळीकडे पोचतं. ट्रकच्या फ्रेमवर मात्र इथे थेंब, तिथे चिखल, मध्ये कोरडी जागा. सलग पाणी नाही, तर ते सर्किट पूर्णच होत नाही. एका कोपऱ्यात लावलेला जस्ताचा ठोकळाही याच कारणाने सगळी फ्रेम वाचवू शकत नाही.
* तेलाचं किंवा मेणाचं कोटिंग: हे पाण्याला धातूपर्यंत पोचूच देत नाही. हिवाळ्याआधी द्या, पोकळ भागांच्या आतही द्या, आणि झिजलं की पुन्हा द्या. गंजावरच जाड रबरी कोटिंग मारलं, तर ओल आतच अडकते.
* धुणं: हिवाळाभर अधूनमधून गाडी खालूनही धुवा आणि फ्रेमची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे रस्ता सुकला तरी फ्रेम आतून ओलीच राहू शकते.
* तांबं-पितळ टाळा: पोलादी फ्रेमला हे धातू थेट टेकवले, तर डेव्हींचंच तत्त्व उलटं चालतं. तांबं वाचतं आणि झिजते ती तुमची फ्रेम.

पुढच्या वेळी कुणी गंजावरचा रामबाण उपाय विकायला आला, तर त्याला दोनच गोष्टी विचारा: यात झिजणार कोण, आणि मधलं पाणी कुठे आहे?