हालचालींना लिपी देणारा रुडॉल्फ लाबान

नृत्य म्हणजे घुंगरू आणि रंगमंच, एवढीच माझी समजूत होती. रुडॉल्फ लाबान यांच्याविषयी वाचले आणि ती मोडली.

आजच्या ब्राटिस्लाव्हा शहरात १८७९ साली लष्करी अधिकाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांची वाट सोडून ते नृत्याकडे वळले. गाण्याला जशी स्वरलिपी, तशी शरीराच्या हालचालींची लिपी त्यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केली.

एक गोष्ट मात्र मला खटकते. हिटलरच्या राजवटीत त्यांनी सरकारी पद स्वीकारले. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी त्यांनी बसवलेले समूहनृत्य गोबेल्सला रुचले नाही, तेव्हा कुठे हा संबंध तुटला. १९३८ मध्ये इंग्लंडने त्यांना आसरा दिला.

महायुद्धात तेथील पुरुष आघाडीवर गेले. कारखान्यांतली जड कामे बायकांवर आली. नुसत्या दंडाच्या जोरावर नव्हे, तर सगळ्या अंगाचा झोका वापरून वजन कसे पेलावे, हे लाबाननी त्यांना दाखवले. घागर डोक्यावर घेण्याआधी माझी आई तिला मांडीचा टेका देते. रोज पाहतो, पण दिसले ते आत्ता!

लाबान १९५८ मध्ये इंग्लंडातच वारले. त्यांच्या शिष्या इर्मगार्ड बार्टेनिएफ यांनी न्यूयॉर्कमध्ये पोलिओच्या रुग्णांवर उपचार करताना त्यांचीच शिकवण वापरली.