नळाच्या पाण्यातील चुना

लामत्यात कोणास हगवणीने ग्लानी आली की दवाखान्यात त्याच्या हाताला आर. एल. ची बाटली लावतात. त्यातील पहिले अक्षर एका मनुष्याच्या नावाचे आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले. ते गृहस्थ म्हणजे लंडनचे डॉक्टर सिडने रिंगर.

नॉरिच गावी जन्मलेले रिंगर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले व त्याच कॉलेजाच्या रुग्णालयात नामांकित वैद्य झाले. रोगी तपासून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत.

बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून ते क्षारांच्या पाण्यात चालते ठेवीत. रक्तातील कोणत्या क्षारांवर हृदय चालते, हे त्यांस पाहावयाचे होते. १८८२ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे तेच द्रावण शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात केले, तो काय! हृदयाचे ठोके मंदावले आणि थोड्याच वेळात थांबले. शोध घेता उलगडले की, आधीचे द्रावण नळाच्या पाण्यात केलेले होते. सहायकाने श्रम वाचविले, असे सांगतात. लंडनच्या त्या पाण्यात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, अंश होता. शुद्ध पाण्यात कॅल्शियम मिसळताच हृदय पुन्हा आकुंचन पावू लागले.

आता रिंगर ह्यांच्यापुढे पेच होता. छापलेला निष्कर्ष चुकीचा ठरला होता, आणि मौन पाळले असते तर कोणी विचारलेही नसते. परंतु १८८३ साली त्यांनी दुसरा निबंध लिहिला आणि आपले पूर्वीचे द्रावण नळाच्या पाण्याचे होते, हे उघड सांगितले. आमच्या मते त्यांचा खरा शोध त्या निबंधातच आहे. १८८५ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

हृदयाच्या पेशीच्या आवरणात विजेच्या दाबाने उघडणारी सूक्ष्म दारे असतात. त्यांतून कॅल्शियम आत शिरले की स्नायू आकुंचतो, हे पुढच्या पिढ्यांनी दाखविले. ह्या दारांवर रॅड नावाचे लहान जी-प्रथिन लगामाप्रमाणे बसते. आपण घाबरलो की अॅड्रेनॅलीन स्रवते. त्यामुळे रॅडला फॉस्फेट चिकटते, लगाम सैलावतो, कॅल्शियम अधिक शिरते आणि छाती धडधडते. ही साखळी २०२० साली उंदरांच्या हृदयावरील प्रयोगांतून उलगडली.

रिंगर १९१० साली यॉर्कशरमधील लास्टिंगहॅम गावी वारले. त्यांच्या द्रावणात लॅक्टेट घालण्याचे काम १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अॅलेक्सिस हार्टमन ह्यांनी केले. बाटलीवरील दुसरे अक्षर त्या लॅक्टेटचे.